कुंडीतील मोरपंखी आणि शंकूंचा बहर

यवतमाळ जिल्हा हा सागाचा मुलूख. वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या मधल्या या पठारी प्रदेशात साग, धावडा, ऐन, सालई, तेंदू यांची पानझडी वने आहेत. सूचिपर्णी वृक्षांचे नैसर्गिक वन मात्र येथे एकही नाही. किंबहुना साऱ्या महाराष्ट्रातच नाही. दक्षिण भारतात मूळचा म्हणावा असा शंकुमंत वृक्ष एकच, तो म्हणजे पोडोकार्पसचा नातलग नाजिया. आणि तोही पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील दमट अरण्यांत. परिणामी या भागातील महाविद्यालयांत प्रकटबीज वनस्पतींचा अभ्यास बहुधा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून होतो. हिमालयाच्या पायथ्याकडून आलेले चीडचे वाळके शंकू आणि तयार काचपट्ट्या एवढ्या सामग्रीवर विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो. परागकण वाऱ्यावरून येऊन उघड्या बीजकावर कसा स्थिरावतो, हे त्याने आकृतीत पाहिलेले असते, झाडावर पाहिलेले नसते.

ही स्थिती नेहमीचीच होती असे मात्र नाही. दख्खनच्या लाव्हाप्रवाहांच्या दरम्यान साचलेल्या गाळात, नागपूरजवळच्या टाकळी येथे, शंकूंचे अश्म सापडले आहेत. बिरबल साहनी यांनी १९३१ मध्ये त्यांपैकी एकाचे वर्णन करताना त्याला गावाच्या नावावरून 'टाकलिओस्ट्रोबस' असे नाव दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भाच्या भूमीवर शंकू धरत होते, एवढे त्यावरून निश्चित होते. आज ते पुन्हा पाहावयाचे असतील, तर अरण्याकडे न जाता घराच्या अंगणाकडे वळले पाहिजे.

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, कोणत्याही गावी जुन्या घराच्या दारात किंवा शाळेच्या पायऱ्यांपाशी कुंडीत मोरपंखी असतेच. काही ठिकाणी तिला 'विद्या' म्हणतात आणि तिची चपटी डहाळी मुले वहीत जपून ठेवतात. ही मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. जुन्या ग्रंथांत हिचा निर्देश थुजा किंवा बायोटा या नावांनी आढळतो. चीन-कोरियाकडून आलेला, सरूच्या कुळातील हा अस्सल शंकुमंत वृक्ष आहे. जमिनीत लावलेली आणि मोकळी वाढू दिलेली मोरपंखी मैदानी प्रदेशातही शंकू धरते. कुंडीतली मात्र वर्षानुवर्षे हिरवीगार राहते आणि शंकू दाखवीत नाही. असे का व्हावे, आणि ती शंकू धरील असे काय करता येईल, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी त्याच्या उत्तरात वनस्पतिशरीरक्रियाशास्त्रातील एक अत्यंत रोचक विरोध दडलेला आहे.

प्रथम एका भ्रमाचे निरसन करणे इष्ट. समुद्रकिनाऱ्यावर व बागांतून लावलेला सुरू, म्हणजे कॅज्युअरिना, सुईसारख्या डहाळ्यांमुळे व शंकूसारख्या फळांमुळे अनेकदा सूचिपर्णी समजला जातो. प्रात्यक्षिकाच्या वहीत त्याचे 'शंकू' चिकटवून आणणारा विद्यार्थी दर वर्षी एखादा तरी निघतोच. सुरू हा पूर्णतः सपुष्प वृक्ष आहे. सरू आणि सुरू यांत एका मात्रेचा फरक असला तरी वंशाच्या दृष्टीने अंतर फार मोठे आहे. त्याचप्रमाणे सूचिपर्णींच्या बाबतीत 'फुले येणे' हा शब्दप्रयोग सोयीपुरताच करावयाचा. येथे फूल नसते. नर-शंकू व मादी-शंकू असतात. मोरपंखीत ते एकाच झाडावर, डहाळ्यांच्या अगदी टोकांना येतात. नर-शंकू दोन-तीन मिलिमीटरचे, पिवळसर तपकिरी. मादी-शंकू आरंभी निळसर हिरवे व मांसल, पुढे काष्ठमय, आणि प्रत्येक खवल्याच्या टोकाशी आकड्यासारखे वळण असलेले.

शंकू टोकांना येतात, या एका गोष्टीतच कुंडीतल्या अपयशाचे पहिले कारण सापडते. मोरपंखीला अंड्याचा किंवा शंकूचा आकार देण्यासाठी माळी तिला वारंवार कातरतो. जी टोके शंकूत रूपांतरित व्हावयाची, तीच कात्रीखाली जातात. दुसरे कारण जागेचे: कुंडी बहुधा ओसरीच्या सावलीत असते, आणि सावलीत शंकू धरत नाहीत. तिसरे कारण लाडाचे. रोज पाणी आणि वरचेवर शेणखत मिळालेले झाड वाढीतच रमते. तेव्हा कोणताही औषधोपचार करण्यापूर्वी कातरणी थांबविणे, कुंडी पूर्ण उन्हात आणणे आणि नत्राची मात्रा आवरणे, एवढे केले तरी काही झाडे आपणहून शंकू दाखवितात. ज्यांच्या बाबतीत हे पुरेसे होत नाही, त्यांच्याविषयी पुढील विवेचन आहे.

वैदर्भी वाचकाला येथे संत्र्याच्या बागेची आठवण होणे स्वाभाविक आहे. बहार धरण्याची कला या प्रदेशाला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहारासाठी एप्रिल-मे महिन्यांत बागेचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी काळ्या जमिनीत त्याहून अधिक काळ ताण बसू देतात. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. त्या खुणेवरून ताण पुरा झाला असे ओळखून खत घालतात आणि प्रथम हलके पाणी देतात; मृग बहारात हेच काम पाऊस करतो. मग नव्या पालवीबरोबर कळ्या येतात. वाढ रोखली की झाड पुनरुत्पादनाकडे वळते, हा या अनुभवाचा गाभा आहे, आणि सूचिपर्णींनाही तो मोठ्या प्रमाणात लागू पडतो. पाण्याचा ताण, मुळांची छाटणी, खोडाला वलय काढणे, मुळे दाटून येईपर्यंत लहान कुंडीतच ठेवणे, हे सारे उपाय परदेशांतील वनसंशोधकांनी सूचिपर्णींवर करून पाहिले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी कमीअधिक यश दिले आहे.

परंतु साम्य येथवरच चालते. यापुढे जो संत्र्याच्या ज्ञानावर विसंबून चालेल तो नेमका उलट्या दिशेला जाईल.

जिबरेलीन या वृद्धिसंप्रेरकाचा इतिहास सर्वश्रुत आहे. भाताची रोपे खुळ्यासारखी उंच वाढविणाऱ्या बुरशीचा अभ्यास करताना कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानात त्याचा माग काढला. पुढे शुद्ध स्वरूपात मिळाल्यावर ते अनेक वनस्पतींवर वापरून पाहण्यात आले. १९५८ मध्ये काटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी सुगी, म्हणजे क्रिप्टोमेरिया, या वृक्षावर जिबरेलीनचा उपयोग केला आणि कोवळ्या वयातील झाडांवर शंकू आले. त्यानंतर १९६४ मध्ये इस्राएलमध्ये मॉन्सेलिझ व हॅलेव्ही यांनी लिंबूवर्गीय झाडांवर तेच द्रव्य वापरले, तेव्हा बहर दबला. आणि वाढ रोखणारी द्रव्ये वापरली, तेव्हा तो वाढला. एकाच संप्रेरकाची एका वर्गात हाक आणि दुसऱ्यात मनाई, असा हा प्रकार आहे.

फळबागांच्या व्यवहारात या दुसऱ्या निष्कर्षाचा पुरेपूर लाभ घेण्यात आला. संत्र्याच्या मृग बहारासाठी ताणाच्या काळात क्लोरमेक्वॅट क्लोराइड फवारण्याचा सल्ला दिला जातो. कोकणातील हापूस आंब्याला पॅक्लोब्युट्राझोल मुळांशी घालतात. दोन्ही द्रव्ये झाडातील जिबरेलीनची निर्मिती अडवितात. आता एखाद्याने विचार केला की, जे आंब्याला व संत्र्याला मानवले ते मोरपंखीलाही मानवेल, आणि पॅक्लोब्युट्राझोलचे चार थेंब कुंडीत टाकले, तर काय होईल? झाड ठेंगणे व दाट होईल, दिसावयास कदाचित अधिक देखणेही होईल. पण सरूच्या कुळात शंकू ज्या द्रव्यामुळे येतात त्याचाच झरा आटविल्यावर शंकूंची अपेक्षा करता येत नाही. शिवाय हे औषध मातीत दीर्घकाळ टिकते. रोपवाटिकेत आंब्यासाठी वापरलेली माती प्रयोगाच्या कुंड्यांत न घेणे, ही सूचना त्यामुळे क्षुल्लक समजू नये.

ताण दिल्यास दोन्ही झाडे बहरतात, आणि जिबरेलीन दिल्यास एक बहरते व दुसरे दबते, याचा मेळ कसा घालावयाचा? सूचिपर्णींच्या बाबतीत फॅरिस व रॉस या संशोधकांच्या कार्यातून एक संगती पुढे आली. झाडात जिबरेलीन एक नसते, अनेक असतात. काही जलस्नेही रेणू प्रामुख्याने प्ररोहाच्या वाढीत खर्च होतात. काही कमी जलस्नेही रेणू, विशेषतः अ-४ व अ-७, कलिकांच्या विभेदनाशी अधिक निगडित दिसतात. मुळांची व प्ररोहाची वाढ ताणामुळे मंदावली की दुसऱ्या गटातील रेणूंचा खप कमी होतो, ते प्ररोहात साचतात आणि कलिका शंकूकडे वळतात. म्हणजे संत्र्यात जिबरेलीनचा अंमल ओसरतो म्हणून फूल येते; सूचिपर्णीत ताणाने योग्य प्रकारचे जिबरेलीन उरते म्हणून शंकू येतो. ही उपपत्ती अनेक प्रयोगांशी जुळते. तथापि तिला अंतिम सिद्धान्त मानणे घाईचे होईल. कलिकेच्या अग्रभागी कोणते जनुक केव्हा जागे होते, याचा अभ्यास मागील तीन दशकांत सुरू झाला असून तो पुरा झालेला नाही.

सूचिपर्णींतही सर्व कुळे एका मापाची नाहीत, आणि यवतमाळच्या प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. सरूच्या कुळात (सरू, मोरपंखी, थुजा, सुगी) अ-३, म्हणजे बाजारात मिळणारे साधे जिबरेलिक आम्ल, उत्तम कार्य करते. फॅरिस व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ॲरिझोना सरूची बीजापासून उगवलेली, काही महिन्यांचीच रोपे या द्रव्याने शंकूवर आणल्याचे प्रसिद्ध केले. हीच झाडे एरव्ही कित्येक वर्षे थांबतात. पाइनच्या कुळात (चीड, देवदार, स्प्रूस, हेमलॉक, डग्लस फर) मात्र अ-३ जवळजवळ निष्फळ ठरते. तेथे १९७० च्या दशकाच्या मध्यास अ-४ व अ-७ यांच्या मिश्रणाचा गुण लक्षात आला आणि मगच या कुळात प्रगती झाली. अ-३ आपल्याकडे दुर्मीळ नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत घड लांबविण्यासाठी व मणी फुगविण्यासाठी ते नित्य वापरले जाते आणि कृषिसेवा केंद्रांत सहज मिळते. अ-४ व अ-७ यांचे मिश्रण सफरचंदाच्या प्रदेशात मिळते, पण पुष्कळदा बेंझिलॲडेनीन या दुसऱ्या संप्रेरकासह. त्यामुळे त्यावरून काढलेले निष्कर्ष संदिग्ध राहतात. तेव्हा यवतमाळात चीडच्या मागे न लागता मोरपंखी किंवा सरू घ्यावा, हे उत्तम. नाताळच्या सुमारास विकत मिळणारी अरौकेरियाची कुंडी तर या कामी अगदीच निरुपयोगी. ते झाड कित्येक दशकांनी, उंच झाल्यावर शंकू धरते.

कुंडीतील झाडांवर ताण, उष्णता व जिबरेलीन यांचा एकत्रित उपयोग करण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९८० च्या दशकात झाले. ब्रिटिश कोलंबियात हेमलॉक व स्प्रूस यांच्या कुंड्यांतील बीजबागा उभारून पाहण्यात आल्या. ब्रिटनमध्ये सिटका स्प्रूसची कलमे पॉलिथिनच्या घरात तापवून, पाणी तोडून व अ-४ व अ-७ यांचे मिश्रण देऊन शंकूवर आणण्यात आली. पन्नास फुटी वृक्षाला जे वातावरण देणे अशक्य, ते कुंडीला देता येते. कुंडी उन्हात नेता येते, छपराखाली आणता येते, तोलता येते, झाकता येते. या सर्व प्रयोगांतून एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली: उपचार कोणता यापेक्षा तो कोणत्या आठवड्यात केला, याला महत्त्व अधिक. कलिका अनिश्चित अवस्थेत असते तो काळ थोडा असतो. त्याआधी दिलेला ताण केवळ वाढ खुंटवितो, नंतर दिलेला व्यर्थ जातो.

पाइन कुळात हा काळ प्ररोहाची लांबी वाढणे संपत येते त्या सुमारास असतो आणि फळ पुढल्या वर्षी दिसते. संत्रा उत्पादकाला ताण तोडल्यावर काही आठवड्यांत कळी दिसते, तसे येथे घडत नाही. सरू कुळात दिनमानाचाही संबंध येतो. पश्चिम अमेरिकेतील लाल सेडार या थुजावरील अभ्यासात असे दिसले की, मोठ्या दिवसांत जिबरेलीन दिल्यास नर-शंकू अधिक येतात, आणि मादी-शंकूंसाठी मोठ्या दिवसांनंतर लहान दिवस व पुन्हा मोठे दिवस असा क्रम अनुकूल ठरतो. सुगीतही लवकर केलेली फवारणी नराकडे आणि उशिरा केलेली मादीकडे झुकते. आता व्हँकुव्हरच्या अक्षांशावर वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे सोळा तासांचा व सर्वांत लहान सुमारे आठ तासांचा असतो. यवतमाळ विसाव्या अक्षांशाच्या किंचित उत्तरेस आहे; येथे मोठा दिवस सव्वातेरा तासांहून थोडासाच अधिक आणि लहान दिवस अकरा तासांच्या आसपास. निसर्ग जो संकेत तेथे मोठ्याने देतो तो येथे पुटपुटतो. सुदैवाने कुंडीच्या बाबतीत उणीव भरून काढणे अवघड नाही. संध्याकाळी तीन तास एक दिवा लावल्यास दिवस मोठा होतो, दुपारी चारपासून सकाळी आठपर्यंत काळ्या कापडाचे झाकण घातल्यास लहान होतो. शेवंतीची फुले हंगामाबाहेर आणणाऱ्यांना ही युक्ती परिचित आहे.

आता ताणाविषयी. संत्रा बागेचा मृग बहाराचा ताण एप्रिल-मे महिन्यांत असतो. कुंडीतील मोरपंखीला त्या काळात ताण देणे म्हणजे तिला मारणे होय. यवतमाळच्या मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. उन्हातील कुंडीची पश्चिमेकडील बाजू त्याहूनही तापते, आणि कुंडीत मुळे नेमकी त्याच भिंतीला लागून असतात. बागेतील झाडाची खोल मुळे त्या वेळी थंड मातीत असतात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तर धोका दुप्पट. उन्हाळ्यात मातीची कुंडी मोठ्या कुंडीत बसवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि या हंगामात फक्त झाड जगविण्याचाच हेतू ठेवावा. उष्णतेने शंकू येतात हे परदेशी प्रयोगांतले वाक्य येथे उचलून आणताना हे ध्यानात ठेवावयास हवे की, ती उष्णता थंड देशातील पॉलिथिनच्या घरातली होती.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. संत्र्याचे पान ताण बोलून दाखविते; मोरपंखीचे दाखवीत नाही. तिची खवल्यांसारखी पाने डहाळीला घट्ट चिकटलेली असतात, ती कोमेजून लोंबत नाहीत. डहाळी तपकिरी दिसू लागते तेव्हा ती मेलेली असते आणि पाणी घातल्याने परत हिरवी होत नाही. म्हणून बागाईतदाराची नजर येथे पुरेशी नाही, तराजू हवा. एक रोप बळी देण्याच्या तयारीने बाजूला काढावे. ते पूर्ण भिजवून, निथळल्यावर कुंडीसह त्याचे वजन करावे. मग पाणी तोडून रोज पहाटे तोलावे आणि वाढती कोवळी टोके प्रथम लवू लागतात त्या दिवशीचे वजन नोंदवावे. या दोन वजनांमधील अंतर म्हणजे ताणाची मोजपट्टी. इतर कुंड्या, आकार व माती एकच असल्यास, याच मोजपट्टीवर ठेवता येतात: दोन तृतीयांश पाणी उडाले की थोडे पाणी द्यावयाचे आणि पुन्हा तसेच उडू द्यावयाचे. काळी कपाशीची माती या कामी घेऊ नये. ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, सुकताना कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मग वरून घातलेले पाणी फटीतून थेट खाली निघून जाते. वजन मात्र भलतेच सांगते. बारीक मुरूम, वाळू व कुजलेले शेणखत यांचे मिश्रण बरे. अशा मिश्रणात ताण आठवड्यांत नव्हे, काही दिवसांत बसतो.

झाडाचे वय हा आणखी एक मुद्दा. नागपुरी संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरला म्हणजे फळ बीजू झाडापेक्षा लवकर येते, कारण डोळा प्रौढ झाडाचा असतो. सूचिपर्णींतही प्रौढत्व फांदीबरोबर येते. ज्या मोरपंखीवर शंकू दिसले आहेत तिच्याच शेंड्याकडील डहाळ्यांपासून छाटकलमे केल्यास ती कुंडीत लहान आकारात शंकू धरण्याचा संभव बीजापासून केलेल्या रोपांपेक्षा अधिक. अभ्यासाच्या दृष्टीने आणखी एक लाभ म्हणजे, एकाच झाडाची कलमे घेतल्याने रोपारोपांतील आनुवंशिक फरक आपोआप गळून पडतो.

या सर्वांवरून यवतमाळच्या हवामानाला साजेसा प्रयोग आखणे कठीण नाही. एका मातृवृक्षाची, निदान दोन वर्षे वाढलेली चोवीस कलमे एकाच मापाच्या मातीच्या कुंड्यांत घ्यावीत आणि जूनपासून कातरणी पूर्ण बंद ठेवावी. सहा कुंड्यांना नेहमीचे पाणी, सहांना फक्त ताण, सहांना फक्त जिबरेलिक आम्ल, सहांना दोन्ही. जिबरेलिक आम्ल पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून एक ग्रॅम चूर्ण प्रथम थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून दहा लिटर पाण्यात मिसळावे, म्हणजे लिटरला शंभर मिलिग्रॅमचे द्रावण होते; फवारा डहाळ्यांवर टिकावा म्हणून साबणाचे दोन थेंब पुरतात. ज्यांना आम्ल द्यावयाचे नाही त्यांच्यावरही तेवढेच अल्कोहोल व साबण मिसळलेले पाणी फवारावे. हे विसरल्यास सारी तुलना फुकट जाते. फवारणी आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. हंगामाचा प्रश्न खुला ठेवून अर्धे झाड एकीकडे, अर्धे दुसरीकडे, असे न करता पहिल्या वर्षी आरंभ जुलैच्या मध्यास व दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या मध्यास करावा. दोन्ही वर्षांच्या नोंदींत नर व मादी शंकूंची संख्या वेगवेगळी ठेवावी. जुलैत आरंभ करणाऱ्याला पावसाचा विचार करावा लागेल. पावसात ताण बसत नाही आणि फवारलेले द्रव्य धुऊन जाते. चार बांबूंवर ताणलेले पारदर्शक पॉलिथिन, चारी बाजू उघड्या, एवढे छप्पर पुरे. सप्टेंबरात आरंभ केल्यास पाऊस ओसरल्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊन आपणहून मदतीला येते आणि ते मे महिन्याइतके जीवघेणेही नसते.

जिबरेलीन मिळालेल्या डहाळ्या आरंभी लांब, बारीक व फिकट होतील. त्यावरून प्रयोग फसला असे समजू नये. नर-शंकू प्रथम डहाळ्यांच्या टोकांचा किंचित फुगवटा म्हणून दिसतात. टोकांचा उभा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ही अवस्था डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ओळखता येते, आणि पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल एवढे काम त्या छेदांच्या साप्ताहिक मालिकेत आहे.

हिवाळा उतरणीला लागताना मादी-शंकूंकडे लक्ष ठेवावे. शंकूचे खवले किंचित अलग होतात आणि आत सुरईच्या आकाराची बीजके उभी दिसतात. सकाळच्या वेळी, ऊन चढण्यापूर्वी, दहापट भिंगातून पाहिल्यास प्रत्येक बीजकरंध्राच्या तोंडाशी एकेक पारदर्शक थेंब असतो. हाच परागबिंदू. त्यावर परागकण पडले की थोड्या वेळाने तो आत ओढला जातो. पराग न मिळाल्यास तो पुढेही टिकून राहू शकतो. शेजारच्या कुंडीतील नर-शंकू बोटाने टिचकावून त्याची पिवळी भुकटी मऊ कुंचल्याने अर्ध्या थेंबांना लावावी, अर्ध्यांना लावू नये, आणि घड्याळ लावून बसावे. चीडमध्ये परागणापासून पिकलेल्या बीजापर्यंत दोन वर्षांच्या आसपास काळ जातो. मोरपंखीत तो शंकू त्याच वर्षी पावसाळ्यानंतर पिकून तडकतो आणि त्यातून पंख नसलेली बीजे बाहेर पडतात. फेब्रुवारीत ज्या विद्यार्थ्याने परागबिंदू पाहिला, त्याला त्याच झाडाचे बीज नोव्हेंबरात पेरता येते.

झाडाला याची किंमत मोजावी लागते. सरू कुळात शंकू म्हणजे डहाळीचा शेवट. जेवढी टोके शंकूत गेली तेवढी वाढ थांबली. भरपूर शंकू धरलेली मोरपंखी पुढल्या वर्षी विरळ व निस्तेज दिसते. अशा झाडाला एक संपूर्ण वर्ष ताण किंवा फवारणी न देता मोठ्या कुंडीत, नव्या मातीत बसवावे, आणि प्रयोगासाठी कलमांचे दोन संच राखून ते आळीपाळीने वापरावेत. पिकलेले शंकू झाडावरच न ठेवता तडकण्यापूर्वी खुडून कागदी पिशवीत, तारीख व कुंडीचा क्रमांक लिहून ठेवावेत.